वेग कमी पडतो

२ जुलै

आजपासून सीझनची तयारी सुरू. हा बहुधा माझा शेवटचा सीझन, म्हणून या वेळी रोजच्या रोज लिहायचं ठरवलंय. रोजच्या रोज म्हणजे जमेल तसं. इतकी वर्षं एकाच फुटबॉल क्लबात डिफेन्सच्या मधोमध उभा राहिलो, पण कुठली मॅच कुठल्या वर्षीची असं कुणी विचारलं तर सगळी सरमिसळ. निदान हे एक वर्ष तरी वेगळं काढून ठेवावं.

नवा कोच म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. आम्ही दोघं याच क्लबात एकत्र खेळलो. त्याच्या घरी जाऊन-येऊन मी त्याच्या बहिणीच्या प्रेमात पडलो. तो अजून सांगत फिरतो की आयुष्यात त्यानं दिलेला सगळ्यात वाईट पास तो.

सकाळी ड्रेसिंगरूममध्ये त्यानं सगळ्यांना सुनावलं, "महिनाअखेर खेळाडूंची यादी जाणार. तोवर कोणाचीही जागा पक्की नाही. मैदानावर मला नातं दिसत नाही." हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं, त्यामुळे बाकी सगळ्यांनी बघितलं. बाहेर आल्यावर खांद्यावर हात टाकून म्हणाला, "भावोजी, असं बोलावं लागतं रे. डिफेन्स तूच उभा करायचास. तू आहेस म्हणून तर ही नोकरी घेतली."

मग धावण्याची चाचणी. पोरं मला आजोबा म्हणतात. आजोबांनी अर्ध्याअधिक नातवंडांना मागे टाकलं. लंबू म्हणून एक नवा घेतलाय, माझ्याच जागेवर खेळणारा. तो माझ्या मागून आला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ जमिनीशी बोलत होता.

५ जुलै

एक कल्पना सुचली, आल्या आल्या कोचला सांगितली. आपल्याला डावीकडून कॉर्नर मिळाला की सगळे उंच खेळाडू लांबच्या खांबाशी गर्दी करतात. त्याऐवजी लंबूनं जवळच्या खांबाकडे पळायचं. त्याच्या उंचीला घाबरून समोरचे दोघं तरी त्याच्या मागे जातील, आणि मी मागून मोकळ्या जागेत शिरायचं. कोचनं तिथंच बुटाच्या टोकानं मातीत आकृती काढली. "डोकं अजून चालतंय बुवा तुझं!" म्हणाला. पोरांना बोलावून करूनही घेतलं.

घरी येईपर्यंत कपाळ ठणकायला लागलं. ऊन फार होतं. बायको म्हणाली, "परवाही दुखत होतं. एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" म्हटलं, सीझन झाल्यावर बघू. विषय संपला.

१० जुलै

पहिली प्रॅक्टिस मॅच. जिंकलो, आणि आमच्यावर एकही गोल नाही. आमचा गोलरक्षक, सगळे त्याला गोलीच म्हणतात, माझ्याइतकाच जुना. तो म्हणाला, "तू पुढे उभा असलास की मला बसायला खुर्ची दिली तरी चालेल."

शेवटी शेवटी त्यांच्या गोलीनं हाणलेला एक उंच बॉल मी डोक्यानं परतवला, थेट मधल्या रेषेपलीकडे. कानात शिट्टी वाजली. मला वाटलं रेफ्रीनं फाउल दिला, म्हणून थांबलो. फाउल नव्हताच. गोलीनं मागून ओरडून मला जागेवर आणलं.

बायको बघायला आली होती. बॉल हवेत गेला की ती मान फिरवत होती. पूर्वी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. असो. इतक्या वर्षांनी फुटबॉलचा कंटाळा येणारच.

१२ जुलै

लेकीला पोहायच्या क्लासला सोडायला निघालो आणि गप्पांच्या नादात गाडी नेऊन उभी केली ती थेट आमच्या जुन्या घरासमोर. ते सोडूनही आता किती वर्षं झाली. लेक हसून हसून सीटवर आडवी. "बाबा, आता घंटी वाजवून त्यांना सांग, आमचं घर द्या!" बाल्कनीत भलत्याच कुणाचे कपडे वाळत होते. मलाही हसू आलं.

घरी आल्यावर तिनं आईला तिखटमीठ लावून सांगितलं. आई हसली नाही. "मग क्लासला कसे पोचलात?" एवढंच विचारलं. म्हटलं, लेकीनं सांगितलं कुठं वळायचं ते. आपण गंमत सांगावी तर हिची उलटतपासणी.

१५ जुलै

आज एक फक्कड कल्पना सुचली. आपल्याला डावीकडून कॉर्नर मिळाला की लंबूनं जवळच्या खांबाकडे पळायचं. समोरचे दोघं तरी त्याच्या मागे जाणार, आणि मी मागून मोकळ्या जागेत. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर कोचला सांगितली. वाटलं, उडीच मारेल. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं." नुसतं बरं! गोली पाणी पिता पिता थांबला. लंबू काहीतरी बोलणार होता, कोचनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

कोच झाल्यापासून याला दुसऱ्याची अक्कल सोसेनाशी झाली आहे. याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

१७ जुलै

हेडरचा सराव होता. मी रांगेत उभा राहिलो तर कोच म्हणाला, "तू नको. तू बाजूला उभा राहून पोरांना शिकव."

"शिकवीन की. पण आधी मारतो तरी."

"नको म्हटलं ना!" ओरडलाच माझ्यावर. सगळं मैदान वळून बघायला लागलं.

मग बाजूला उभा राहिलो हाताची घडी घालून, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा. डिफेन्समधल्या माणसाला हेडर मारू नको म्हणायचं, म्हणजे सुताराला करवतीला हात लावू नको म्हणण्यासारखं. लंबूला मात्र एकेक बारकावा सांगितला. मान कशी ताठ ठेवायची, डोळे मिटायचे नाहीत. पोरगा चांगला आहे, ऐकतो. नेमकं तेच खुपतं.

२० जुलै

मेहुण्याकडे जेवायला गेलो होतो. त्यानं मैदानावरचा विषय काढला नाही, मीही नाही. जेवणं झाल्यावर लेक आणि वहिनी पत्ते मांडून बसल्या. मी हात धुवायला आत गेलो तर ओट्याशी बहीणभाऊ एकमेकांजवळ उभे. मला बघताच बोलणं थांबलं. बायकोचे डोळे लाल. तिनं नळ सोडला.

"कांदा," मेहुणा म्हणाला.

जेवणं उरकल्यावर कांदा कोण चिरतं? त्यांच्या आईची तब्येत हल्ली बरी नसते, त्यावरून काही असेल. पण माझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय आहे? माझी आई गेल्यापासून मला तरी दुसरी कोण आहे?

२२ जुलै

दुसरी प्रॅक्टिस मॅच. हाफटाइमला मला बाहेर बसवलं. लंबू आत गेला आणि त्याच्याच बाजूनं आमच्यावर गोल झाला. बेंचवर बसून मी मनातल्या मनात टाळी वाजवली. खोटं कशाला लिहू?

नंतर फिजिओ माझी पोटरी दाबता दाबता म्हणाला, "आजोबा, तुमची धाव गेल्या वर्षीइतकीच आहे. छोट्या पल्ल्यात तर सुधारलीय. काय खाता काय?"

बरं वाटलं. यादीची काळजी उगाच करत होतो.

२५ जुलै

कोचच्या खोलीत भिंतीवर मैदानाचं चित्र काढलेला फळा आहे. त्यावर चुंबकाची बटणं, प्रत्येकावर एकेका खेळाडूचा नंबर. आत गेल्या गेल्या सवयीनं माझा नंबर शोधला. डिफेन्समध्ये नव्हता. टेबलावर पेनांच्या डब्याशेजारी पडला होता.

"बस," तो म्हणाला. "यादीत तुझं नाव देत नाहीये."

वाटलं, फिरकी घेतोय. म्हटलं, "का? पासचा बदला?"

तो हसला नाही. "वेग कमी पडतो."

"फिजिओला विचार."

"चाचणी वेगळी, मैदान वेगळं. मला डोळ्यांनी दिसतंय."

"महिन्याच्या सुरुवातीला तर मी आहे म्हणून नोकरी घेतली होतीस."

"माझ्याबरोबर राहा ना. डिफेन्सचा कोच हो. लंबू तुझं ऐकतो."

"माझ्याकडे बघून बोल."

तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. बघितलं नाही.

घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "बरं झा..." आणि थांबली. मग म्हणाली, "फार वाईट झालं." वाटलं होतं, आत्ताच्या आत्ता फोन लावून भावाला फैलावर घेईल. तिनं ताटं वाढायला घेतली.

२६ जुलै

सगळ्या टीमसमोर यादी वाचून दाखवली. मग कोच म्हणाला, "आपल्या सगळ्यात जुन्या खेळाडूला आपण या वर्षी घेऊ शकलो नाही. माणूस लाखाचा आहे, पण वेग कमी पडतो." जसा काही मी नव्हतोच तिथं. लंबूनं मान खाली घातली. एक कालचा पोरगा माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, "चालायचंच, आजोबा." आजवर मला त्या हाकेचा राग आला नव्हता.

गोली मात्र उठून बाहेर गेला. मला वाटलं तो माझ्यासाठी चिडलाय. बाहेर गाठलं तर म्हणतो, "घरी जा रे. आराम कर. बायकोचं ऐक." हाही त्यांच्यातलाच.

२७ जुलै

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सरळ मेहुण्याचं घर गाठलं. दारातच म्हटलं, "आत येत नाही. एवढंच सांग, मी खरंच मंदावलोय?"

त्यानं बाहेर येऊन आपल्यामागे दार ओढून घेतलं. "नाही," म्हणाला.

"मग?"

"घरी जाऊन तिला विचार."

म्हटलं, "आणि सगळ्यांसमोर खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर पोरांनी तुझी कीव केली असती."

"कीव परवडली असती मला. मी आयुष्यभर पळालो, आणि तू चारचौघांत सांगितलंस की मला पळता येत नाही."

घरी बायको इस्त्री करत होती. माझा चेहरा बघून तिनं बटण बंद केलं. "त्यानं सांगितलं ना?"

"तू सांग."

"मी त्याच्या पाया पडले," ती म्हणाली. "म्हटलं, ह्याला यादीत घेऊ नकोस, कारण काय वाटेल ते दे. तो तयार नव्हता. बरेच दिवस तयार नव्हता. मग त्यालाच दिसायला लागलं."

"काय दिसायला लागलं?"

"डोक्याला बॉल लागला की तू कुठंतरी जातोस. आणि परत येतोस तेव्हा पूर्ण येत नाहीस."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं. डॉक्टरांकडे जाऊ या म्हटलं, तू म्हणालास सीझन झाल्यावर. काही दिवसांनी परत विचारलं, तर तू तेच म्हणालास, जसं काही मी पहिल्यांदाच विचारतेय."

असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. झालं असतं तर आठवलं असतंच. आपलं झाकायला माणूस काय वाटेल ते बोलतं.

म्हटलं, "भांडायचं होतंस माझ्याशी. दार लावून घ्यायचं होतंस, बूट फेकून द्यायचे होतेस. ते सोडून पाठीमागे जाऊन माझा खेळ काढून घेतलास. दोघा बहीणभावांनी मिळून. आणि वर मला जेवायला बोलावून कांदा म्हणून सांगितलं."

ती रडली नाही. "हो," म्हणाली. "केलं. तू जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल मला. पण आपण कुणाशी बोलत नाही आहोत, हे तुला माहीत असायला हवं."

मी लेकीच्या खोलीत जाऊन बसलो. लेक बाहेर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

२९ जुलै

बोलणं बंद. ती चहा ठेवते, मी घेतो. मैदान नाही, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. मला वाटलं होतं, बायको आणि मेहुणा ही दोन माणसं तरी माझ्या बाजूनं आहेत. दोघं माझ्या डोक्यावर चर्चा करत बसली होती. परक्यानं केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

३१ जुलै

नदीपलीकडच्या क्लबाच्या कोचचा फोन. ऐकलं म्हणे, खरं का? त्यांच्या डिफेन्समध्ये एक जागा रिकामी आहे. "तुमचा वेग कमी झालाय असं मला कधी वाटलं नाही," म्हणाला. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासमोर उभा राहून सांगितलं, "रविवारी त्यांच्याकडे चाचणी मॅच आहे. मी जाणार. आता कोणाच्या पाया पडायचंय ते पड."

ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. "नाही," म्हणाली. "आता नाही पडणार. तुला सांगितलंय सगळं. तूच ठरव."

३ ऑगस्ट

जागा मिळाली. जाग्यावर हात मिळवून सांगितलं. त्यांचा कोच खूश, पोरं खूश. शेवटचा गोल तर मीच मारला.

४ ऑगस्ट

काल खरं लिहिलं नाही. लिहितो.

पहिला हाफ झकास गेला. त्यांची पोरं माझ्या शब्दावर पुढे-मागे सरकत होती. दुसरा हाफ सुरू झाल्यावर एक उंच बॉल आला, मी उडी मारली, कपाळावर नीट घेतला. इथवर लख्ख आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते असं, की मी बेंचवर बसलोय, पायातले बूट काढलेले आहेत, मोजे कुणीतरी शेजारी ठेवलेत, आणि लोक येऊन माझी पाठ थोपटतायत. "काय गोल मारलात!" एक जण म्हणाला, "एवढ्या लांबून!" मी हसलो. दुसरा म्हणाला, "आणि तो इशारा केलात ना सगळ्यांना मागे व्हा म्हणून, तेव्हाच मला कळलं." मी मान हलवली. मधला सगळा वेळ मी पळत होतो, ओरडत होतो, गोल मारला, आणि त्यातलं एक पाऊलही मला माहीत नाही. कोच हात पुढे करून म्हणाला, "अजून बरीच वर्षं आहेत तुमच्यात." मी हात मिळवला. त्याच्या मागे मैदान होतं, मला क्षणभर कळेना, कुठलं.

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "गोल मारलास बाबा? कसा मारलास? दाखव ना." मग मी बैठकीत उशी ठेवून तिला गोल दाखवला. डावीकडून आलो, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. सगळा बनवला. ती टाळ्या वाजवत होती. बायको दारात उभी राहून बघत होती. ती मॅचला आलेली नव्हती, तिला काहीच माहीत नव्हतं. पण तिनं पदर तोंडाशी धरला, आणि मला कळलं की तिला कळलंय.

इतका चांगला गोल मी आयुष्यात मारला नसेल कदाचित. मी सोडून सगळ्यांनी पाहिला.

५ ऑगस्ट

नदीपलीकडच्या कोचला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. "वेग कमी पडतो," असं जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "डोक्याला मार बसलाय. पुष्कळ वेळा." तो हळूच म्हणाला, "जपा."

बायकोला म्हटलं, "गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. येशील?" रागावाचून बोललेलं इतक्या दिवसांतलं हे पहिलं वाक्य. ती हो म्हणाली.

७ ऑगस्ट

डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला सांगता येणार नाही. तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "तू सांग. सगळं सांग. माझ्यासमोर."

तिनं सांगितलं. एका मॅचनंतर मी तिला दोन दिवस तिच्या वहिनीच्या नावानं हाक मारत होतो. गॅस पेटवून बाहेर निघून गेलो होतो. कॉर्नरची एकच कल्पना मी टीमला कितीदा तरी नव्यानं सांगितली, आणि पोरांनी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकावं, असं कोचनं त्यांना बजावलं होतं. एकदा संध्याकाळी मी माझ्या आईला फोन लावत बसलो होतो, ती उचलत का नाही म्हणून चिडलो होतो. आई जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, झोपल्या असतील.

हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो. दुसऱ्याच कुठल्यातरी जुन्या खेळाडूबद्दल कुणी बोलावं, आणि आपल्याला वाटावं, बिचारा, याला आता घेऊ नका, तसं.

ती थांबली. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "ही बरोबर सांगतेय."

पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. बॉलला डोकं लावायचं नाही, कधीच नाही. परत येताना गाडी तिनं चालवली. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "अजून राग आहे?" म्हटलं, "आहे." ती म्हणाली, "असू दे."

घरी आलो तर मेहुण्याचे फोन येऊन गेलेले. परत वाजला, मी उचलला नाही. ती आज माझ्यासमोर खरं बोलली, तसं त्यालाही बोलता आलं असतं. त्यानं माझी बाकी कुठलीही गोष्ट सगळ्यांसमोर सांगावी, ती खरी असेल. पण मी मंदावलो नव्हतो. हे मात्र मी विसरणार नाही.